शक्य असल्यास

फौजदारी न्यायालयातला कागद ‘मिळाला’ म्हणजे तो हातात पडला, अशी आपल्याकडची समजूत आहे. कचेरीची समजूत तीच, वकिलांची तीच, आणि आपण लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या मंडळींनीही ती कधी तपासलेली नाही. निवाडा माझ्याबद्दल आहे, त्यावर माझे नाव आहे, खाली शिक्का आहे आणि त्यातली एक ओळही मला वाचता येत नाही. अशा कागदापुढे नक्कल विभागाच्या वहीत ‘दिला’ अशी नोंद होते आणि माझी सही घेतली जाते. माझे म्हणणे असे की तो दिलेला नाही.

कायद्याला हे अगदीच ठाऊक नाही असे नाही. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 363 होते. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम 404 झाले. त्याचे दुसरे पोटकलम सांगते की आरोपीने अर्ज केला तर त्याला निवाड्याची प्रमाणित प्रत द्यावी, किंवा त्याची इच्छा असेल तर शक्य असल्यास त्याच्या स्वतःच्या भाषेत, नाहीतर न्यायालयाच्या भाषेत, भाषांतर द्यावे. आणि तेही विनाविलंब. वीस वर्षे भाषांतरावर पोट भरणाऱ्या मला हे वाक्य फार आवडते, त्यातले दोन शब्द सोडून. ‘शक्य असल्यास’. या दोन शब्दांच्या भोकातून सगळे वाक्य गळून जाते. शक्य आहे की नाही हे ठरवणार कोण? ज्याला ते काम करायचे आहे तोच.

त्याच कलमाची आणखी एक गंमत आहे. कैदेची शिक्षा झाली तर निवाड्याची प्रत ताबडतोब आणि मोफत मिळते. निर्दोष सुटलेल्याने मात्र अर्ज करायचा, शुल्क भरायचे, फेऱ्या मारायच्या. अर्ज केल्यावरही प्रत मोफत मिळते ती आरोपीला अपील करता येईल अशा निवाड्याची, आणि सुटलेला माणूस अपील कशाविरुद्ध करणार? कायदा लिहिणाऱ्यांना वाटले असावे की सुटलेल्याला कागदाचे काय काम. ते काम किती असते हे एन्नोरला कळते.

एन्नोर हे चेन्नईचे उत्तर टोक. कोसस्थलैयार नदीची खाडी, मच्छिमारांची कुप्पमे, अशोक लेलँडचा जुना कारखाना, कामराजर बंदर, औष्णिक केंद्रांची राख, आणि मणलीच्या रस्त्यावर रांगा लावून उभे असलेले कंटेनरचे ट्रेलर. 26 डिसेंबर 2023 च्या रात्री खतकारखान्याच्या समुद्रातल्या वाहिनीतून अमोनिया सुटला आणि पेरियकुप्पमची माणसे झोपेतून उठून पळाली. उरलेल्या देशाला एन्नोर कळले ते त्या आठवड्यापुरते. एरवी या पट्ट्यात देशातल्या बहुतेक भाषा कामाला येतात. वेल्डर, रिगर, हमाल, चालक. आमच्याकडून माल भरून आलेले मराठी चालकही त्यांत असतात. इतके लोखंड आणि इतकी चाके जिथे एकत्र येतात तिथे फौजदारी खटलेही उभे राहणारच.

खटल्याचा कागद शोधायचा कुठे, हा पहिला पेच. एन्नोर 2011 मध्ये चेन्नई महापालिकेत आले, 2018 मध्ये तिरुवोत्रियूर तालुक्याबरोबर चेन्नई जिल्ह्यात आले, आणि 2022 मध्ये तिथले पोलीस ठाणे नव्या आवडी आयुक्तालयाखाली गेले. शिवाय ज्या वीजप्रकल्पाच्या नावात एन्नोर आहे तो उभा राहतो आहे शेजारच्या तिरुवळ्ळूर जिल्ह्यातल्या पोन्नेरी तालुक्यात. गावाकडे फोनवर ‘एन्नोरला झाले’ एवढेच कळलेले असते. न्यायालय मात्र ठरते गुन्ह्याच्या जागेवरून आणि ठाण्यावरून. त्यात आकड्यांचे गोत्रही वेगळे. महाराष्ट्रात गु.र.नं. आणि मग आर.सी.सी. किंवा एस.सी.सी.; मद्रासच्या परंपरेत क्राइम नंबर, मग सी.सी. म्हणजे ‘कॅलेंडर केस’, आणि सत्र न्यायालयाकडे जायचा असेल तर आधी पी.आर.सी. आमच्याकडचा वकील फोनवर आर.सी.सी. नंबर विचारतो, आणि एन्नोरच्या माणसाला आर.सी.सी. म्हणजे स्लॅब वाटतो.

मग इंटरनेटवर शोधा, असे सुशिक्षित लोक सांगतात. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर खटल्याचा सोळा अक्षरांचा सी.एन.आर. क्रमांक टाकला की स्थिती दिसते, हे खरे. पण क्रमांक नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधायचे, आणि इथे लिपी आडवी येते. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना एकच अक्षर. प, फ, ब, भ यांनाही एकच. ठाण्यातला हवालदार मराठी नाव ऐकतो, तमिळमध्ये लिहितो, आणि दुसरा कोणी तमिळवरून ते इंग्रजीत टंकतो. गायकवाडचे ‘काइकवाट’ होतात, भोसल्यांचे ‘पोसले’, घुग्यांचे ‘कुके’. मग तुम्ही खऱ्या नावाने शोधता आणि संगणक सांगतो की नोंद सापडली नाही. कारकुनाचा यात काही दोष नाही. लिपी तिच्या नियमाप्रमाणे वागते. दोष त्या व्यवस्थेचा, जिने परप्रांतीय मजुरांच्या पट्ट्यात नावाचा शोध एकाच वर्णलेखनावर टांगून ठेवला.

दोन वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका ट्रेलरचालकाचे प्रकरण माझ्याकडे आले. बेदरकार गाडी चालवून मृत्यूस कारण झाल्याचा, म्हणजे जुन्या दंडसंहितेतल्या 304-अ चा आरोप. 2023 मध्ये तो सुटला. पुढे एका कंपनीने गेटपाससाठी पोलीस पडताळणी मागितली, त्यात त्याचे नाव निघाले, आणि कंपनी म्हणाली, सुटलास तर निवाडा दाखव. त्याच्याकडे क्राइम नंबर लिहिलेली चिठ्ठी होती, तिच्यावरून खटला सापडला. उत्तर चेन्नईतल्या त्या न्यायालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण नांदेडला किंवा पनवेलला वेगळे काही झाले असते असे मला वाटत नाही. खिडकीवरच्या बाई सभ्य होत्या. ‘तुम्ही याच्या कोण?’ एवढे विचारून त्यांनी त्याच्या सहीचा अर्ज घेतला. काही दिवसांनी नऊ पानांची तमिळ प्रत मिळाली. कलम 363 दाखवून मी मराठी भाषांतर मागितले तेव्हा त्या हसल्या. मराठीला इथे कोण आहे? नकार तोंडीच राहिला.

मी ते नऊ पानांचे भाषांतर करून दिले. कंपनीने माझा कागद घेतला नाही, कारण त्यावर शिक्का नव्हता. त्यांच्या मनुष्यबळ विभागातल्या मुलाने मूळ प्रतीवर मोबाइल धरला आणि यंत्राने जे सांगितले ते वाचले. तमिळनाडूच्या न्यायालयांत आरोपीला ‘एदिरि’ म्हणतात. शब्दाचा घरगुती अर्थ विरोधक, शत्रू. निर्दोष सोडणे म्हणजे ‘विडुदलै’. घरगुती अर्थ मुक्ती, स्वातंत्र्य. संशयाचा फायदा या अर्थी जो शब्दप्रयोग आहे त्यात ‘पलन्’ येतो, म्हणजे फळ. त्यामुळे यंत्राने वाचून दाखवले ते असे: संशयाचे फळ पहिल्या शत्रूला देऊन त्याला स्वातंत्र्य देण्यात येत आहे. वर तारखेत तिरुवळ्ळुवर वर्ष 2054. इसवी सनात एकतीस मिळवले की ते येते, तमिळ निवाड्यावर ते असणे नेहमीचे आहे. मुलाला तो कागद भविष्यातला वाटला, आणि बनावटही. ज्या प्रतीवर न्यायालयाचा शिक्का होता ती कोणाला वाचता येईना, आणि जी वाचता येत होती तिच्यावर शिक्का नव्हता.

आता कोणी म्हणेल, मग निवाडे इंग्रजीतच लिहावेत. हे उत्तर मला मान्य नाही, आणि या अंकाच्या वाचकांना तरी ते मान्य नसावे. ज्या बाईचा नवरा खाडीत बुडाला, तिला निवाडा तमिळमध्ये ऐकू आला पाहिजे. तालुक्याचे न्यायालय तमिळ बोलते ही तमिळनाडूने मिळवलेली गोष्ट आहे. आपल्याकडे 1998 च्या अधिसूचनेने जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली, तिचे आपण कौतुक करतो. मग भिवंडीच्या यंत्रमागावरचा ओडिया कामगार, चाकणचा भोजपुरी कामगार मराठी निवाडा हातात घेऊन कोणाकडे जातो, हे आपण विचारले आहे का? मुंबईचा वकील त्याला ‘इंग्रजीत करून घ्या’ म्हणतो. इंग्रजी त्यालाही येत नाही.

आणि खरे तर आपल्या न्यायालयीन भाषा एकमेकींना इतक्या परक्या नाहीत. तमिळ न्यायालयात जामीनला ‘जामीन्’ म्हणतात, हजरला ‘आजर्’, जप्तीला ‘जप्ति’, कैद्याला ‘कैदि’, पुढच्या तारखेला ‘वायदा’. साक्षीला ‘साट्चि’. प्रतीला ‘नगल्’, म्हणजे आपली नक्कल, लिपीच्या गाळणीतून गेलेली. मोगल, आदिलशाही, मराठे आणि कंपनी सरकार यांच्या कचेऱ्यांनी हा शब्दसंग्रह दक्षिणभर पेरला. तमिळ निवाडा मराठीत आणायला इंग्रजीच्या दारावरून जायचे काहीच कारण नाही. तरी भाषांतराचा सगळा सरकारी खटाटोप वरून खाली चालतो. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘सुवास’ हे भाषांतराचे सॉफ्टवेअर आणले, त्याचे इंग्रजी निवाडे भारतीय भाषांत येऊ लागले. चांगलेच आहे. पण सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा मराठीत वाचण्याची गरज कितीजणांना असते, आणि दंडाधिकाऱ्याचा तमिळ निवाडा मराठीत, आसामीत, हिंदीत वाचण्याची किती? सप्टेंबर 2023 मध्ये मंत्रिमंडळाने ई-कोर्टच्या तिसऱ्या टप्प्याला 7,210 कोटी रुपये मंजूर केले. त्यात जुने कागद स्कॅन करायला मोठी रक्कम आहे. स्कॅन केलेला तमिळ कागद तमिळच राहतो.

खिडकीवरच्या ‘तुम्ही याच्या कोण?’ या प्रश्नाकडे परत येते. चालकाच्या बाबतीत तो प्रश्न रास्त होता, मी त्याच्या वतीने आले होते. पण तोच प्रश्न आता त्रयस्थांसाठी कायद्याचा उंबरठा झाला आहे. 4 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात ठरवले की न्यायालयीन कागदासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज चालणार नाही. उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच यावे. त्या नियमांप्रमाणे त्रयस्थाने आपल्याला प्रत कशाला हवी याचे कारण प्रतिज्ञापत्रावर सांगायचे. म्हणजे खटला चालतो उघड्या न्यायालयात, मागच्या बाकावर मी विनाकारण बसू शकते, सगळे ऐकू शकते, आणि संध्याकाळी तेच लिखित स्वरूपात मागितले तर मला कारण द्यावे लागते. ऐकायला कारण लागत नाही आणि वाचायला लागते, यामागचे तत्त्व कोणी मला समजावून सांगावे. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये, निक्सनच्या ध्वनिफितींच्या प्रकरणात, न्यायालयीन कागद पाहण्याचा आणि त्याची नक्कल घेण्याचा सर्वसामान्य हक्क मानला, आणि तिथे कारण सांगावे लागत नाही. तिथल्या काउंटी न्यायालयांच्या खिडकीवर कोणीही जाऊन फौजदारी खटल्याची फाइल मागतो. त्या मोकळेपणाचा धंदा करणाऱ्याही कंपन्या तिथे आहेत, हे विसरून चालणार नाही, आणि त्याकडे मी येतेच.

आधी एन्नोरच्याच नावाचा दुसरा प्रसंग. 30 सप्टेंबर 2025 रोजी एन्नोर विशेष आर्थिक क्षेत्रातल्या औष्णिक प्रकल्पाच्या बांधकामावर लोखंडी कमान कोसळली आणि 9 कामगार मेले, मुख्यतः आसामचे. मदतीच्या रकमा जाहीर झाल्या, शवपेट्या विमानाने गेल्या. त्यानंतर त्या घरांना कायदा काय देतो ते पाहा. 2016 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे एफ.आय.आर. पोलिसांच्या संकेतस्थळावर चढतो, संवेदनशील प्रकरणे सोडून. पुढे दोषारोपपत्र दाखल झाले तर? 20 जानेवारी 2023 च्या निकालाप्रमाणे ते सार्वजनिक दस्तऐवज धरले जात नाही, संकेतस्थळावर ठेवायचे नाही. नव्या संहितेच्या कलम 230 मुळे पीडितालाही त्याची प्रत मिळते, पण कंसात अट आहे: त्याच्या वतीने वकील उभा असेल तर. कार्बी आंगलाँगच्या टेकडीवरच्या विधवेने तिरुवळ्ळूर जिल्ह्यात वकील उभा करावा, मग तिला नवरा कसा मेला याचे कागद मिळतील, तमिळमध्ये. तिच्यासाठी तर कलम 404 मधले ‘शक्य असल्यास’सुद्धा लिहिलेले नाही, स्वभाषेतल्या भाषांतराची सवलत फक्त आरोपीला आहे.

गोपनीयतेचा आक्षेप खरा आहे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितांची, मुलांची नावे झाकलीच पाहिजेत, त्यावर वाद नाही. सुटलेल्यांचा प्रश्न अवघड आहे. मद्रास उच्च न्यायालयातच निर्दोष सुटलेल्या एका माणसाने निवाड्यातून आपले नाव काढा, अशी मागणी केली. 2021 मध्ये ती फेटाळली गेली, फेब्रुवारी 2024 मध्ये खंडपीठाने मान्य केली, आणि जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. एकाच उच्च न्यायालयाच्या छत्राखाली एक सुटलेला माणूस आपला निवाडा लपवता येत नाही म्हणून भांडतो आणि माझा चालक तो दाखवता येत नाही म्हणून बेकार राहतो. पहिल्याचा निवाडा इंग्रजीत आहे, गूगलला दिसतो. दुसऱ्याचा तमिळमध्ये, फायलीत. नाव झाकण्याचा निर्णय न्यायाधीशाने प्रकरण पाहून करावा. त्यासाठी सगळ्यांचीच फाइल कुलपात ठेवणे म्हणजे एका घरात साप निघाला म्हणून गावभर दिवे विझवणे.

मराठी वाचकाला तरी या सगळ्याची ओळख जुनी असायला हवी होती. 1908 चा टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला आपण शौर्यकथा म्हणून पाठ केला आहे. तो जितका राजकीय होता तितकाच भाषांतराचा होता. ‘केसरी’तले मराठी लेख ज्युरीपुढे गेले ते सरकारी इंग्रजी भाषांतरात. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली, शब्दाशब्दावर, आणि आपल्या भाषणात पुन्हा त्याच शब्दांकडे वळले. 22 जुलैला सात विरुद्ध दोन असा कौल आला आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. हे सगळे आपण आज वाचू शकतो, कारण न. चिं. केळकरांनी खटल्याचा संपूर्ण वृत्तांत त्याच वर्षी छापला. त्यांना कोणी ‘तुम्ही याचे कोण’ विचारल्याचे ऐकिवात नाही. मांडलेला गेलेल्या माणसाचे भाषांतर चुकले की ग्रंथ होतो, आणि गेटपास नाकारलेल्याचे चुकले की काहीच होत नाही.

आपले साहित्यिक वर्तुळ इथे काय करते? वेट्रिमारनच्या ‘विसारणै’चे आम्ही फार कौतुक केले. तमिळ मजूर, गुंटूरचे पोलीस, आणि तेलुगू न्यायालयात त्यांचे म्हणणे पोहोचते ते योगायोगाने तिथे आलेल्या तमिळ पोलिसाच्या तोंडून. प्रसंग चित्रपटात पाहून आमचा घसा दाटला. परिसंवाद झाले, ‘परिघावरचे आवाज’ वगैरे. तुलनात्मक साहित्याच्या वर्गात दोन भारतीय भाषांमधल्या थेट भाषांतराची थोरवी मीही शिकले आणि शिकवली. तमिळ–मराठी थेट भाषांतर करू शकणारी माणसे थोडी असतील, पण आहेत. तंजावरच्या सरस्वती महालातले मोडी रुमाल वाचायला माणसे मिळतात, त्यांना मानधन मिळते. दोनशे वर्षांपूर्वीच्या राजवाड्यातल्या मराठी खर्चाच्या याद्या आपल्याला हव्या आहेत, आणि गेल्या वर्षी मराठी माणसाबद्दल लिहिलेला तमिळ निवाडा नको आहे. भाषांतराच्या अनुदानांच्या जाहिराती मी नेमाने वाचते. कादंबरी, कविता, आत्मचरित्र. निवाडा त्यात नसतो.

मला हवे ते फार नाही. जिल्हा न्यायालयांनी भाषांतरकारांची यादी करावी, शेजारच्या राज्यांतल्या न्यायालयांशी ती वाटून घ्यावी, पानामागे दर ठरवावा, आणि त्या भाषांतरावर शिक्का मारावा. मराठीला चेन्नईत कोणी नसेल तर सोलापूरला असेल. फाइल आता तारेवरून जाते, तिला गाडीचे तिकीट लागत नाही. ही यादी होईपर्यंत कोणाला ‘शक्य नाही’ म्हणायचे असेल तर त्याने ते कारणासह लिहून द्यावे.

तोपर्यंत, तुमच्या गावचा कोणी एन्नोरच्या किंवा आणखी कुठल्या परभाषिक न्यायालयाच्या फेऱ्यात असेल, तर आधी ठाण्याचे नाव, क्राइम नंबर आणि साल या तीन गोष्टी लिहून घ्या. नाव शोधताना ते त्या लिपीत कसे ऐकले गेले असेल तसे चार प्रकारे टाकून पाहा. निवाड्याच्या नकलेचा अर्ज करताना त्यातच, वेगळ्या ओळीत, कलम 404 (2) प्रमाणे अमुक भाषेत भाषांतर हवे असे लिहा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. नाही म्हणतील. नकार लेखी मागा.